कोणाच्या घरात आहेस?

"इरफान गेल्या वर्षी गेला. सुप्रिया त्याच्याही आधी गेली. आता एकटी प्राजक्ता राहिली आहे. ती पण एप्रिलपर्यंत निघेल."

सर हे इतक्या सहज म्हणाले की कॉलेजच्या तपासणीला आलेल्या समितीतल्या बाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी विचारलं होतं साधंच, की लॅबच्या कोपऱ्यातल्या या जुन्या कॉम्प्युटरवर कुठली सॉफ्टवेअर चालतात. प्राचार्य मॅडमनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मी कॉम्प्युटर विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी, म्हणजे सर काही विचित्र बोलले की ते माणसांच्या भाषेत सांगायचं काम माझ्याकडे. मी पुढे झाले आणि म्हटलं, मॅडम, कोणालाही काही झालेलं नाही, सर व्हर्जनबद्दल बोलतायत.

तर तुम्हालाही सांगायला हवं. विद्यापीठ दर काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलतं. तो बदलला की प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन येतं आणि पुढची पोरं त्याच्यावर शिकतात. पण मागच्या अभ्यासक्रमात ज्यांचा विषय राहिला, त्यांना परीक्षा जुन्याचीच द्यायची असते, आणि जुने प्रोग्रॅम नव्या व्हर्जनवर धड चालत नाहीत. बाकी ठिकाणी जुनं काढून टाकतात आणि त्या पोरांना सांगतात, बघा बाबा तुमचं तुम्ही. आमच्या सरांनी एका कॉम्प्युटरवर सगळी व्हर्जन ठेवली, एकमेकांच्या शेजारी, प्रत्येकाला स्वतंत्र फोल्डर देऊन. आणि फोल्डरला नाव दिलं ते व्हर्जनचं नाही, नापास पोरांचं. एकेक पोर पास झालं की त्याचं नाव गळायचं, आणि शेवटी जे उरेल त्याच्या एकट्याच्या नावावर ते व्हर्जन राहायचं. ते पोर पास होईपर्यंत त्याच्या व्हर्जनला कोणी हात लावायचा नाही. फोल्डरला सर फोल्डरही म्हणत नसत, घर म्हणत. इरफानचं घर, सुप्रियाचं घर.

हे ऐकून समितीच्या बाई म्हणाल्या, किती छान. प्राचार्य मॅडमना ते काही छान वाटलं नाही. नव्या लॅबच्या प्रत्येक फोटोत ते पिवळं पडलेलं धूड मधे येत होतं, हे त्यांचं दुखणं. प्राजक्ता पास झाली की हे मशीन भंगारात, असं त्यांनी समितीसमोरच जाहीर करून टाकलं. सर मान डोलवत होते, उभ्याउभ्याच.

उभ्याउभ्या हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण हा माणूस बसतच नसे. उंच, किडकिडीत, निवृत्त झाले तरी रोज कॉलेजात हजर, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि पँटच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा. लॅबमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालायच्या आणि किल्ल्या वाजायच्या. त्यांच्यासाठी खुर्ची होती, पण तिच्यावर जुन्या कीबोर्डांचं खोकं ठेवलेलं. जेवायचे खिडकीशी उभे राहून. डबा खिडकीच्या कठड्यावर, एका हातात आंबोळी, नजर खाली रस्त्यावर. एसटीत सीट रिकामी असली तरी दांड्याला धरून उभे. कंडक्टर ओळखीचे होते म्हणून बरं, नाही तर कोणीही विचारलं असतं की काका, काय दुखतंय का. त्यांच्या बायकोने मला एकदा बाजारात गाठून सांगितलं, तू त्यांना कॉलेजात अडकवून ठेव गो, घरी असले की फरशी झिजते.

माझं डोकं मात्र उठायचं. मी आधीच तापट, त्यात बोर्डाकडे तोंड करून शिकवत असताना पाठीमागे सतत खुळखुळ. एकदा पोरांसमोरच म्हटलं, सर, जरा टेका हो कुठेतरी, मला गरगरायला लागलंय. ते थांबले, मनापासून विचार केला आणि म्हणाले, "बसलो की वाटतं, झालं. आणि झालेलं तर कायच नसतं गो." आणि लागले चालायला. पोरं फिदीफिदी हसली. मी खडू आपटला.

लोकांना वाटायचं, सर जुन्यात रमणारे आहेत. छे हो. नवं व्हर्जन आल्याची बातमी लागली की त्याच दिवशी ते उतरवून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पोरांच्या आधी, माझ्या आधी, हात शिवशिवत असायचे. संध्याकाळपर्यंत त्याच्यातल्या चार खोड्या काढून, ते बनवणाऱ्यांना दोन शिव्या घालून मग घरी. त्यांना ना जुन्याचं प्रेम होतं ना नव्याचं. एकदा मी विचारलं, एवढी व्हर्जन सांभाळताय, तुमचं आवडतं कुठलं? तर म्हणाले, व्हर्जन म्हणजे चप्पल, पोर पोचलं पाहिजे.

पण एकाच मशीनवर इतकी व्हर्जन नांदवणं हे सोपं काम नाही, हे मी त्यांच्याकडेच शिकले. कॉम्प्युटर हे एक नंबरचं आळशी जनावर. तुम्ही नाव घेऊन हाक मारली की ते ठरलेल्या क्रमाने दारोदार जातं, आणि ज्या दारातून पहिली ओ येते तिथेच घुसतं. पुढे त्याच नावाचं आणखी कोणी राहतं का, हे बघायची त्याला गरज वाटत नाही. त्यामुळे तुम्ही समजता मी जुन्या व्हर्जनमध्ये काम करतेय, आणि प्रत्यक्षात काम चाललेलं असतं भलत्याकडेच. म्हणून सरांचा पहिला प्रश्न, कोणीही कीबोर्डाला हात लावला की, "कोणाच्या घरात आहेस?" मशीनला तसं विचारायची एक छोटी आज्ञा असते, ती दिली की कुठलं व्हर्जन ओ देतंय ते कळतं. ती दिल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. पहिल्या वर्षाची पोरं दचकायची. मी लग्न करून लांज्याहून रत्नागिरीत आले आणि इथे नोकरीला लागले, तेव्हा मलाही पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारला होता. मला वाटलं, सासरची चौकशी करतायत.

राहिलेल्या पोरांच्या मागे तर ते हात धुऊन लागायचे. परीक्षेचे फॉर्म सुटले की सर फोन करत सुटायचे. इरफान मिरकरवाड्यातला, दोन विषय टाकून बापाच्या बोटीवर जायला लागलेला. त्याला फोन लागेना तर सर धक्क्यावर जाऊन उभे. बोट लागली, मासळी उतरली, लिलाव झाला, आणि तेवढ्या गलक्यात सर त्याला फॉर्मवर सही करायला लावतायत. तिसऱ्या खेपेला तो पास झाला. पास झाल्यावरची सरांची एक पद्धत होती. पोराने स्वतः यायचं, मशीनसमोर बसायचं आणि आपलं घर आपल्या हाताने पुसायचं. सरांना साखरेचा त्रास, पेढे चालत नसत, म्हणून घरात जे असेल ते आणायचं. इरफानने सुकवलेल्या कोलंबीचे सोडे आणले, चांगली पिशवीभर. एसी लावलेल्या बंद लॅबमध्ये. प्राचार्य मॅडमनी दोन दिवस त्या मजल्यावर पाऊल ठेवलं नाही.

प्राजक्ता ही मालगुंडची मुलगी, हुशार, शेवटच्या वर्षाला असताना लग्न होऊन सावर्ड्याला गेली. नवरा मुंबईत कामाला, शिमग्याला आणि गणपतीला येणारा. घरात ती, तिचा लहान मुलगा आणि सासू. शेवटच्या वर्षाचं एक प्रॅक्टिकल बाळंतपणात बुडलं. पुढच्या खेपेला परीक्षेचं केंद्र दुसरीकडे पडलं. तिथल्या मशीनवर सगळं नवं, आणि हिचा अभ्यासक्रम जुना. हिने लिहिलेलं काहीच चालेना. स्क्रीनवर चुकांची रांग लागली आणि ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिला वाटलं आपल्याला काही येत नाही, आणि हे तिने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की पुढे फॉर्मच भरला नाही. सावर्ड्याजवळच्या एका शाळेत ती तात्पुरती कॉम्प्युटर शिकवायला लागली होती. पोरांची लाडकी होती, असं ऐकलं. पण शाळेने सांगितलं, जूनपर्यंत पदवी दाखवा, नाही तर दुसरी बाई बघतो. आणि इकडे विद्यापीठाने जाहीर केलं, जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची संधी, यानंतर परीक्षा नाही. म्हणजे एप्रिलमध्ये ते एक प्रॅक्टिकल सुटलं तर पदवीही आणि नोकरीही, नाही तर दोन्ही गेलं.

सरांनी फोन केले. सासूने उचलले आणि ठेवून दिले. कोण हा बाबा, सुनेला दर दोन दिवसांनी फोन करतो? मग एका रविवारी सर मला म्हणाले, चल सावर्ड्याला. मी म्हटलं, माझा रविवार आहे. ते म्हणाले, म्हणूनच. मी गेले. दुसरं काय करणार होते?

हायवेचं काम वर्षानुवर्षं चाललेलं, एसटी हाडं मोडत निघाली. सर दांड्याला धरून उभे, मी बसलेली, म्हणून मलाच लाज. सावर्ड्याला पोचलो, घर सापडलं. ओटीवर सासूबाई तांदूळ निवडत बसलेल्या. या, बसा म्हणाल्या. मी बसले. सर उभे. पाणी आणलं, मी घेतलं. सर उभे. त्यांनी पुन्हा बसा म्हटलं, सर म्हणाले, नको नको, असाच बरा. आता एखाद्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, बसायचं नाही, पाणी घ्यायचं नाही, याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. हातातलं सूप खाली ठेवून त्यांनी मलाच विचारलं, काय झालं, मुंबईला काय झालं?

मी घाईघाईने सांगितलं की काही झालेलं नाही, हे प्राजक्ताचे सर, यांना बसायची सवयच नाही. बाईंना धीर आला तसा राग आला.

"मास्तर, बसा आधी," त्या म्हणाल्या. "उभ्या माणसाशी मी बोलत नाय."

सरांनी ओटीभर पाहिलं. कोपऱ्यात झोपाळा होता. ते त्याच्यावर टेकले आणि एका पायाने रेटा द्यायला लागले. कड्या करकरायला लागल्या. सर पुढे-मागे, पुढे-मागे, आणि तेवढ्या झोक्यावर त्यांना बोलणं सुचलं. ते म्हणाले, "तुमची सून नापास झालेली नाही. तिला चुकीच्या घरात बसवलं होतं."

आणि मग त्यांनी सगळं समजावलं, व्हर्जन काय, दारं काय, मशीन आधी कुठे जातं काय. प्राजक्ता आतल्या दारात मुलाला कडेवर घेऊन उभी होती. सासूबाईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे. ऐकून झाल्यावर त्या पुन्हा सूप उचलून तांदूळ पाखडायला लागल्या.

"माणसाला चुकीच्या घरात बसवलं की काय होतं, ते मला नको सांगायला," त्या म्हणाल्या. "जाईल ती. पोराला मी बघेन."

त्या हिवाळ्यापासून प्राजक्ता दर शनिवारी सावर्ड्याहून यायला लागली. सुरुवातीला एखादी चूक स्क्रीनवर आली की तिचे हात मांडीवर जायचे. सर मागून फेऱ्या मारता मारता विचारायचे, "काय गो बाय, कोणाच्या घरात आहेस?" ती तपासायची, बरोबर असायची. मग चूक साधी निघायची, एखादा स्वल्पविराम वगैरे. हळूहळू हात कीबोर्डावर राहायला लागले.

मी सरांकडून एक वचन घेतलं होतं. परीक्षा होईपर्यंत या मशीनवर नवं काहीही उतरवायचं नाही. माझ्या वर्गाला त्या वर्षी जे नवं व्हर्जन लागलं होतं, ते बाकी सगळ्या मशीनवर होतं, फक्त या एकावर नव्हतं, आणि सरांचा जीव त्याच्यासाठी कासावीस व्हायचा. मी दम दिला, हात लावलात तर याद राखा. त्यांनी खिशातल्या किल्ल्या मुठीत धरून हो म्हटलं. महिन्यामागून महिने त्यांनी ते पाळलं, आणि ते त्यांना किती जड गेलं हे मी पाहत होते. येरझाऱ्या दुप्पट झाल्या.

परीक्षेचा दिवस उजाडला. एप्रिलचा उकाडा, एसी बंद पडलेला, पंखे गरम हवा फेकतायत. बाहेरून परीक्षक आला होता, तरुण, घामाघूम, परतीच्या गाडीची काळजी असलेला. आतली परीक्षक मी. सर निवृत्त, त्यांना आत परवानगी नाही. ते बाहेर व्हरांड्यात, दाराच्या काचेतून एकदा इकडे, एकदा तिकडे जाताना दिसायचे. त्या अभ्यासक्रमाची प्राजक्ता एकटीच. तिने प्रश्न वाचला, पदर खोचला आणि भराभर लिहायला घेतलं. स्क्रीनवरच्या चौकटीत एक चेंडू इकडून तिकडे आपटत फिरला पाहिजे, असा प्रोग्रॅम होता. तिचं लिहिणं बघून मी निश्चिंत झाले. काही चुकलेलं नव्हतं.

तिने तो चालवला आणि स्क्रीनवर चुकांची रांग लागली.

मी मागून वाचलं. प्रोग्रॅमची दोन कामं असतात. आधी तो मशीनला कळेल असा तयार करून घ्यायचा, मग चालवायचा. स्क्रीन सांगत होता, हे माझ्यापेक्षा नव्या कोणीतरी तयार केलंय, मला वाचता येत नाही. म्हणजे तयार एका घरात झालं होतं आणि चालवायला आलं होतं दुसऱ्या घरात. म्हणजे मशीनवर कोणीतरी नवं येऊन सगळ्यात पुढच्या दारात बसलं होतं. मी काचेकडे पाहिलं. सर नाक लावून उभे होते. माझा चेहरा बघून त्यांना कळलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

सकाळी लॅब उघडल्यापासून ते तिथे होते. प्राजक्ताचं घर त्यांनी चार वेळा तपासलं, सगळं ठीक होतं, आणि परीक्षेला अजून वेळ होता. हातांनी करायचं काय? त्यांनी माझ्या वर्गाचं नवं व्हर्जन उतरवलं. वेगळ्या फोल्डरमध्येच ठेवलं हो, बिननावाच्या. पण ते नवं इतकं आगाऊ की न विचारता, तयार करायच्या कामापुरतं, स्वतःचं दार सगळ्यांच्या पुढे मांडून बसलं. जी गोष्ट ते सगळ्यांना पहिल्यांदा विचारत, ती त्या सकाळी त्यांनी स्वतः मशीनला विचारली नाही, आणि परीक्षेच्या घाईत प्राजक्तानेही नाही.

प्राजक्ताचे हात मांडीवर गेले. परीक्षकाने घड्याळ पाहिलं. तो वाईट नव्हता, त्याने मऊ आवाजात विचारलं, चालत नाहीये का? राहू दे, लिहिलेल्याचे किती देता येतात ते बघतो. पण लिहिलेल्याच्या मार्कांवर पास होता येत नव्हतं, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि काचेपलीकडच्या माणसालाही. माझ्या जिभेच्या टोकावर होतं. एक शब्द. पण मी परीक्षक. मी तोंड उघडलं असतं तर तिची परीक्षाच रद्द झाली असती. मी ओढणीचं टोक मुठीत धरून उभी राहिले. बाहेर किल्ल्यांचा आवाज बंद झाला होता. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा बंद झालेला ऐकला, आणि मला सरांचा इतका राग आला आणि इतकी दया आली की दोन्ही एकदम कुठे ठेवावं ते कळेना.

प्राजक्ताचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण शब्द मला पाठ होते.

तिने उजवा हात वर घेतला आणि मशीनला विचारलं, तयार कोण करतंय? उत्तर आलं, नवं. चालवतंय कोण? उत्तर आलं, जुनं. ती दोन्ही उत्तरांकडे क्षणभर बघत राहिली, आणि शाळेतल्या पोराची लबाडी पकडल्यावर बाई जशी मान हलवते तशी तिने मान हलवली. आपलं दार उचलून तिने सगळ्यांच्या पुढे आणलं, प्रोग्रॅम पुन्हा तयार केला आणि चालवला. चौकट उघडली. निळा चेंडू या भिंतीवर आपटला, त्या भिंतीवर आपटला, परत फिरला. बाहेर किल्ल्या वाजायला लागल्या.

परीक्षकाने विचारलं, आत्ता काय केलंत? प्राजक्ता म्हणाली, "दोन कामं दोन घरांत चालली होती, सर. एका घरात आणली."

त्याने पेन हवेत धरून विचारलं, घरात म्हणजे? तिने हसून व्हर्जन म्हटलं. मग त्याने तिला आणखी दोनचार प्रश्न विचारले आणि तिने सगळ्यांची उत्तरं दिली, न अडखळता.

नंतर मी व्हरांड्यात गेले ते तावातावाने. तोंडात येईल ते बोलणार होते. सर भिंतीशी उभे होते. "मी बुडवली असती गो तिला," ते म्हणाले. एवढंच. ते त्या दिवशी एसटीला थांबले नाहीत, भर उन्हात चालत घरी गेले.

निकाल लागला. प्राजक्ता पास. जूनमध्ये ती आली, पिशवीत घरच्या फणसाचे तळलेले गरे, आणि बरोबर सासूबाई. त्यांना मास्तरांचं मशीन बघायचं होतं. शाळेची ऑर्डर हातात पडली होती, ती त्यांनी स्वतःच्या पिशवीतून काढून दाखवली, जपून घडी घालून परत ठेवली. मग प्राजक्ता मशीनसमोर बसली. तिचं घर उघडून बघितलं, आणि हात आखडला.

"सर, राहू दे ना," ती म्हणाली. "असू दे आपलं."

"नको," सर म्हणाले. "पास झालेल्या माणसाचं इथे काय काम? रिकामं करून दे."

तिने पुसलं. स्क्रीनवर एक पट्टी भरत गेली, भरली, नाहीशी झाली. आता त्या मशीनवर कोणाचंच नाव नव्हतं. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्चीवरचं कीबोर्डांचं खोकं उचलून जमिनीवर ठेवलं, आणि खुर्चीत बसले. पाठ टेकून. किल्ल्या खिशातून काढून टेबलावर ठेवल्या.

सासूबाई खूश झाल्या. म्हणाल्या, बरं झालं, मास्तर एकदाचे बसले. प्राजक्ता पण हसली. घाबरले ती मी एकटी.

आणि मग ते बसूनच राहिले. सकाळी यायचे, खुर्चीत बसायचे, डबा टेबलावर उघडायचे, संध्याकाळी जायचे. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचे, नीट, शांत. पोरं कीबोर्डाला हात लावायची, पण कोणाच्या घरात आहेस, असं त्यांना कोणी विचारत नव्हतं. ज्या येरझाऱ्यांनी माझं डोकं उठत होतं, त्या नाहीत म्हणून माझं शिकवण्यात लक्ष लागेना. बोर्डावर लिहिता लिहिता मी थांबायचे आणि कान मागे द्यायचे. मला ते बघवत नव्हतं. त्यांच्या बायकोचा फोन आला, घरीसुद्धा बसूनच असतात गो, फरशीला आराम आहे, आता मला भीती वाटते.

प्राचार्य मॅडमनी भंगारवाल्याला सांगून ठेवलं होतं. तो शनिवारी आला. शिपायाने पिन ओढून काढली, वायरी गुंडाळायला लागला. सर बघत होते, खुर्चीतूनच. त्याच सकाळी माझ्या हातात दोन गोष्टी पडल्या होत्या: विद्यापीठाचं पत्रक, की यंदापासून अभ्यासक्रम, एका वर्षातच, पुन्हा बदलला, आणि माझ्या वर्गाचा निकाल. निकाल बघून मी आधी पोरांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. वर्षभर घसा फोडून शिकवलं मेल्यांना. मग जिन्याने वर धावले.

"ठेव ते खाली," मी शिपायाला म्हटलं. त्याने ठेवलं. भंगारवाला माझ्याकडे बघायला लागला. मला धाप लागली होती.

"सर, अभ्यासक्रम बदलला," मी म्हटलं. "आणि माझ्या वर्गातली काही पोरं राहिली आहेत."

त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, त्यांचं व्हर्जन आहे ना याच्यावर. ते बिननावाचं.

"आहे," मी म्हटलं. "तुम्हीच तर घातलंत."

"नावं सांग गो."

मी पहिलं नाव घेतलं तेव्हा ते खुर्चीत होते. दुसरं घेईपर्यंत ते गुडघ्यावर बसून मशीनची पिन परत लावत होते, आणि तिथूनच ओरडले, सावकाश सांग, एक पण सुटता कामा नये.